आठवीचा भागाकार आणि शाळेची टक्केवारी

‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत आठवीतल्या मुलासमोर जो भागाकार ठेवतात, तो तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचा असतो. हा अभ्यास तिसरी-चौथीचा. २०१८ साली ग्रामीण भारतातल्या आठवीच्या ४४.१ टक्के मुलांना तो जमला, २०२२ साली ४४.७ टक्के मुलांना आणि २०२४ साली ४५.८ टक्के मुलांना. या सहा वर्षांत कोविडमुळे शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, पुन्हा उघडल्या, नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, पायाभूत साक्षरतेचे ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. खालच्या वर्गांत या घडामोडींचे पडसाद लख्ख दिसतात. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के होती. २०२२ मध्ये ती १६.३ टक्क्यांवर घसरली आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर चढली. तिसरी बिघडली तशी सावरलीही. आठवीचा भागाकार मात्र ना टाळेबंदीने फारसा बिघडला, ना अभियानाने फारसा सुधारला. एवढ्या उलथापालथीतही जे जागचे हलत नाही, त्याचे दुखणे एखाद्या वर्षाच्या परिस्थितीत शोधून सापडणार नाही. ते सहावी ते आठवीचे वर्ग आपण ज्या रीतीने चालवतो आणि मोजतो, त्या रीतीत आहे.

मोजण्याची तर महाराष्ट्रात अजिबात वाण नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाखाली २०१० पासून आकारिक (शिकताना होणाऱ्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) अशा दोन्ही नोंदी होतात. शालेय शिक्षण सुधारण्याच्या ‘स्टार्स’ प्रकल्पातून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या: आधी पायाभूत चाचणी, मग संकलित एक आणि संकलित दोन, विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. प्रश्नपत्रिका पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येतात, पेपर शाळेतलेच शिक्षक तपासतात आणि गुण ऑनलाइन भरतात. २०२३ च्या नियमबदलानंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापासाची तरतूद परत आली. याखेरीज शिष्यवृत्ती परीक्षा आहे, ‘एनएमएमएस’ ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा आहे आणि अधूनमधून होणारी राष्ट्रीय सर्वेक्षणे आहेत. या सगळ्या खटाटोपात एक समान दोष आहे. घरोघरी जाऊन होणारी ‘असर’सारखी पाहणी सोडली, तर जवळजवळ प्रत्येक चाचणी मूल ज्या इयत्तेत बसते त्या इयत्तेच्या अभ्यासावर त्याला मोजते; मूल प्रत्यक्षात ज्या पायरीवर उभे आहे ती पायरी तिला दिसतच नाही. आणि असा निकाल हाती आला की शिक्षकाने काय शिकवावे हे त्यातून कळत नाही, शाळेला कितवा क्रमांक द्यायचा एवढेच कळते. उच्च प्राथमिक वर्गांच्या चाचणीचे पहिले काम मुलाची पायरी शोधून ती शिक्षकाच्या हाती देणे हे असले पाहिजे. शाळेचा हिशेब मागायचा तर तो वेगळ्या मार्गाने मागावा. एकाच चाचणीवर दोन्ही ओझी लादल्यामुळे ती दोन्ही कामे वाईट करते.

टक्केवारी काय दाखवते आणि काय झाकते, हे अलीकडच्याच आकड्यांवरून पाहता येते. ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीच्या मिळून २१ लाखांहून अधिक मुलांची चाचणी झाली. शाळा होत्या ७४ हजारांवर. देशाची सरासरी अशी निघाली: तिसरीला भाषेत ६४ आणि गणितात ६० टक्के, सहावीला भाषेत ५७ आणि गणितात ४६, नववीला भाषेत ५४ आणि गणितात ३७. प्रत्येक इयत्तेची प्रश्नपत्रिका निराळी असल्यामुळे या आकड्यांची थेट वजाबाकी करणे बरोबर नाही. पण गणिताची घसरण भाषेपेक्षा कितीतरी तीव्र आहे हे लपत नाही. सहावीच्या तपशिलात शिरले की चित्र अधिक स्पष्ट होते. दहापर्यंतचे पाढे आणि चार मूलभूत क्रिया वापरून रोजच्या व्यवहारातली गणिते सोडवण्याची क्षमता ५३ टक्के, नेहमीचे अपूर्णांक मांडून त्यांची तुलना करण्याची क्षमता २९ टक्के. बालभारतीच्या सहावीच्या गणितात अपूर्णांकांवरील क्रिया, दशांश अपूर्णांक, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा आणि सरळव्याज आहे. ज्याला अर्धा मोठा की एकतृतीयांश हे ठामपणे सांगता येत नाही, त्याला यातली निम्मी प्रकरणे बंद आहेत. राज्य आणि जिल्ह्यांची तुलना करायला असे सर्वेक्षण उपयोगी पडते. मात्र ४६ ही सरासरी वर्गात नेली की ती मुकी होते. चाळीस मुलांच्या वर्गात सगळ्यांना निम्मे निम्मे येत असेल तरी सरासरी साधारण तेवढीच, आणि पंधरा मुलांना जवळपास सगळे व पंचवीस जणांना थोडेच येत असेल तरीही तेवढीच. पहिल्या वर्गाला उजळणी पुरेल. दुसऱ्या वर्गात उजळणीने ना त्या पंधरांचे भले होईल, ना त्या पंचवीसांचे.

वाचन आणि गणित यांचे गुण वेगवेगळ्या रकान्यांत लिहिण्याची सवयही इथे नडते. पाचवीपर्यंत मूल वाचायला शिकते आणि त्यानंतर वाचून शिकायला लागते, अशी शाळेची गृहीत घडी आहे. सहावीपासून इतिहासाचा धडा, विज्ञानाचा प्रयोग आणि गणिताचे शाब्दिक उदाहरण हे सारे वाचनाच्याच दारातून आत येते. ‘एका व्यापाऱ्याने अमुक रुपयांना घेतलेली वस्तू शेकडा इतक्या तोट्याने विकली’ हे वाक्य अडखळत, जोडाक्षरे सोडत वाचणाऱ्या मुलाचे उत्तर चुकते, तेव्हा ते वाचनात चुकले, शेकडेवारीच्या संकल्पनेत चुकले की हातच्याच्या गुणाकारात, हे उत्तरपत्रिकेवरच्या शून्यावरून कळत नाही. गुणपत्रकावर गणित कच्चे अशी नोंद होते आणि जादा तास गणिताचा लावला जातो. मुलाची अडचण कदाचित मराठी वाचनाची असते. ज्या मुलांची घरची भाषा गोंडी, भिली, कोरकू किंवा बंजारा आहे, त्यांच्या बाबतीत ही शक्यता आणखी वाढते. चुकीचे निदान करणारी चाचणी निरुपयोगी असतेच. शिवाय ती उपचाराचा वेळ भलतीकडे खर्च करवते.

मुलाची पायरी आणि त्याची इयत्ता यांतली दरी सहावीपासूनच का गोठते, याचे उत्तर आपल्या शाळांच्या रचनेत आहे. महाराष्ट्रात बहुतेक जिल्हा परिषद शाळा चौथी-पाचवीपर्यंत थांबतात आणि मूल गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या मोठ्या शाळेत जाते. ती शाळा पुष्कळदा पाचवी ते दहावीचे खासगी अनुदानित विद्यालय असते. तिथला शिक्षक विषयाचा पदवीधर असतो, बी.एड. झालेला असतो, त्याची नजर दहावीच्या निकालाकडे असते. बाराखडीत अडलेल्या मुलाला वाचते कसे करायचे किंवा हातचा घेऊन वजाबाकी कशी समजावायची, हे त्याला कोणी शिकवलेले नसते आणि ते आपले काम आहे असेही त्याला कोणी सांगितलेले नसते. मागच्या शाळेने काय केले ते तो जाणत नाही आणि मागच्या शाळेला तिच्या मुलांचे पुढे काय झाले ते कळत नाही. सरकारी अभियानेही याच रेषेवर थबकतात. ‘निपुण भारत’चे लक्ष्य तिसरीपर्यंतचे, मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेला ‘निपुण महाराष्ट्र’ कृती कार्यक्रम दुसरी ते पाचवीचा. पायापासून सुरुवात करणे योग्यच आहे, पण जे आज सहावी-सातवीत आहेत त्यांच्या पायाचा वाली कोण, याला उत्तर नाही. शिक्षण हक्क कायद्याने मात्र ते दिले होते. कायद्याचे २४ वे कलम शिक्षकावर इतर कर्तव्यांबरोबर ही दोन कर्तव्ये टाकते: ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करणे, आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पारखून गरजेनुसार त्याला जादा अध्यापन देणे. केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी शाळेत येतात तेव्हा पहिल्या कर्तव्याची विचारपूस होते, पाठ टाचण आणि झालेले घटक पाहिले जातात. दुसऱ्या कर्तव्याची विचारपूस करण्याचे साधनच त्यांच्याकडे नसते, कारण तशी चाचणीच नाही.

इयत्तेच्या मापाने मोजणारी चाचणी किती आंधळी असू शकते, याचा उत्तम पुरावा दिल्लीतल्या एका अभ्यासात आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहांद्रो गॅनिमियन या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या सरकारी शाळांतल्या प्रामुख्याने सहावी ते नववीच्या मुलांवर तो केला आणि २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गणितात सहावीची मुले सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेले होते. म्हणजे वर्ग पुढे सरकत होता आणि मुले जवळजवळ जागीच होती. नेहमीच्या शाळेत सर्वांत मागे असलेल्या मुलांची वर्षभरातली प्रगती शून्याच्या आसपास निघाली. सोडत काढून यातल्या काही मुलांना शाळेनंतरच्या केंद्रात प्रवेश मिळाला. तिथले संगणकीय साधन प्रत्येक मुलाची पायरी ओळखून तिथून पुढचा अभ्यास देत होते. जेमतेम साडेचार महिन्यांत या मुलांनी गणितात आणि हिंदीत, सोडतीत नंबर न लागलेल्या मुलांच्या तुलनेत, ठळक प्रगती केली. इथवरची गोष्ट अशा प्रयोगांच्या यशाची नेहमीची गोष्ट आहे. खरी मेख पुढे आहे. शाळेच्या वार्षिक परीक्षेत हिंदीचे गुण वाढले, पण गणिताच्या गुणांत लक्षणीय फरक दिसला नाही. मुले शिकली होती, पण सातवीचे मूल अजून खालच्याच इयत्तांच्या पायऱ्या चढत होते आणि प्रश्नपत्रिका सातवीची होती. मोजपट्टीवरच्या खुणाच पाच फुटांपासून सुरू होत असतील, तर साडेतीन फुटांचे मूल चार फुटांचे झाले तरी तिच्यावर त्याची उंची शून्यच राहणार. आपल्याकडे एखाद्या शिक्षकाने वर्षभर खपून दहा मुलांना वाचते केले, तर संकलित दोनच्या निकालात त्याच्या कष्टाची नोंद अशीच गहाळ होते. पुढच्या वर्षी त्याने तेवढे खपावे असे त्या निकालात काय आहे?

या मांडणीवर पहिला आक्षेप येईल तो उत्तरदायित्वाचा. चाचणीला परिणाम जोडले नाहीत तर ती कोण मनावर घेणार, शाळांना टक्केवारीचा धाक हवाच, असे प्रशासनातले अनेक जण प्रामाणिकपणे मानतात. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या शाळांनी हिशेब द्यावा ही अपेक्षा रास्त आहे. पण ज्याच्यावर ठपका येणार तोच प्रश्नपत्रिका वाटणार, तोच पेपर तपासणार आणि तोच गुण भरणार, अशा व्यवस्थेतून येणारा हिशेब किती खरा असतो, हेही तपासून झाले आहे. मध्य प्रदेशातल्या ‘प्रतिभा पर्व’ या सरकारी चाचणीनंतर अभिजीत सिंह यांनी मुलांची स्वतंत्रपणे फेरचाचणी घेतली, तेव्हा सरकारी निकाल चांगलेच फुगलेले आढळले. अमेरिकेत २००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने वाचन आणि गणिताच्या वार्षिक चाचण्यांवर शाळांचे भवितव्य टांगले. अटलांटा शहराच्या शाळांचे गुण वाढत गेले, तिथल्या शिक्षणप्रमुख २००९ मध्ये देशातल्या सर्वोत्तम ठरल्या, आणि २०११ मधल्या राज्य सरकारच्या चौकशीत ४४ शाळांत गैरप्रकार झाल्याचे व १७८ शिक्षक-मुख्याध्यापक त्यात गुंतल्याचे समोर आले. मुलांच्या चुकीच्या उत्तरांच्या खुणा खोडून बरोबर उत्तरे भरली जात होती. त्यात सहावी ते आठवीच्या शाळाही होत्या. सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७६ मध्येच बजावले होते की एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय टांगाल तितका तो आकडा भ्रष्ट होत जाईल. धाक कमी असला की आकडा खरा येतो आणि आकडा खरा असला तरच त्यावर काही करता येते. म्हणून हिशेब मागण्यासाठी नमुना पद्धतीची, बाहेरच्या माणसांनी घेतलेली पाहणी असावी. ती दरवर्षी प्रत्येक शाळेत होण्याची गरज नाही. तालुक्याचे आणि जिल्ह्याचे विश्वासार्ह चित्र तिने द्यावे आणि त्याचा जाब शिक्षकाआधी गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद आणि मंत्रालय यांना विचारावा. वर्गातली पायरी-चाचणी मात्र शिक्षकाची स्वतःची असावी, तिच्यावर ना क्रमांक लागावा ना कारणे दाखवा नोटीस निघावी.

दुसरा आक्षेप अधिक जोरकस आहे. ढकलगाडीने घात केला, नापास करणे बंद केले आणि अभ्यास संपला, असे पालकही म्हणतात, शिक्षकही म्हणतात. त्यांच्या बाजूचा पुरावा टाळून चालणार नाही. ‘असर’च्याच नोंदींनुसार २०१० मध्ये आठवीच्या सुमारे दोनतृतीयांश मुलांना तो भागाकार येत होता, २०१२ मध्ये प्रमाण ४८ टक्क्यांवर आणि २०१४ मध्ये ४४ टक्क्यांवर आले. शिक्षण हक्क कायदा एप्रिल २०१० मध्ये लागू झाला, ही वेळ जुळते. मूल्यमापनाची जुनी घडी मोडली आणि नवी बसलीच नाही, हे त्या घसरणीचे मोठे कारण असणे पूर्ण शक्य आहे. परीक्षा गेली, तिच्या जागी श्रेण्यांची कागदपत्रे आली आणि कोणाला काय येत नाही हे विचारणारे कोणी उरले नाही. पण यावरून नापास करणे हा उपाय ठरत नाही. जुन्या पद्धतीत नापास झालेले मूल पुष्कळदा शाळाच सोडून जाई, म्हणून आठवीपर्यंत पोहोचणारा गट आधीच गाळलेला असे. जुन्या चांगल्या आकड्यांत त्या गाळणीचाही वाटा आहे. नवा नियम काय करतो ते पाहा. आठवीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला मार्गदर्शन द्यायचे आणि पुन्हा परीक्षा घ्यायची. त्यातही अपयश आले तर त्याच वर्गात बसवायचे. जे अंतर पाच-सहा वर्षांत पडले ते एका उन्हाळ्यात कसे भरून निघणार? आणि वर्ष फुकट घालवून त्याच्यासमोर पुन्हा तेच आठवीचे पुस्तक ठेवले, जे त्याला पहिल्यांदा झेपले नाही, तर दुसऱ्यांदा झेपायला मधल्या काळात काय बदलले? मूल चौथीच्या पायरीवर आहे हे सहावीच्या पहिल्या महिन्यात कळले असते, तर हाती तीन वर्षे होती. वरच्या वर्गात ढकलणे आणि खालच्या वर्गात अडकवणे या दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: मुलाला जे येत नाही ते कोणीच शिकवत नाही.

मग शिकवायचे कधी, अभ्यासक्रम कोण पुरा करणार आणि पुढे असलेल्या मुलांनी काय करायचे, हा तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि वर्गात उभे राहणाऱ्यांकडून येतो, म्हणून त्याला आकड्यांनीच उत्तर द्यावे. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन अपेक्षित आहे. रोजचा एक तास म्हणजे वर्षाचे २२० तास, एकूण वेळेचा सुमारे पाचवा हिस्सा. याच कायद्याने उच्च प्राथमिक स्तरावर विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक सांगितला आहे. तेव्हा सहावी, सातवी आणि आठवी यांचा एक तास एकाच वेळी ठेवला आणि त्या तासापुरत्या इयत्तांच्या भिंती काढल्या, तर तीन शिक्षकांना तीन गट घेता येतात: अजून वाचनात आणि मूलभूत क्रियांत अडलेली मुले, अपूर्णांक व समजपूर्वक वाचन यांवर काम करायची मुले आणि पुस्तकाच्या पुढे जाऊ शकणारी मुले. यात हुशार मुलांचे नुकसान नाही. उलट त्यांना आज न मिळणारे आव्हान मिळते. उरलेला वेळ इयत्तेचा अभ्यास चालूच राहतो. कमी पटाच्या, एक-दोन शिक्षकांच्या शाळेत तीन गट जमणार नाहीत, तिथे दोन करावे लागतील. संचमान्यतेच्या, म्हणजे शिक्षकसंख्या ठरवण्याच्या, निकषांनी छोट्या शाळांतले उच्च प्राथमिक शिक्षक कमी केले तर तेही जमणार नाही, आणि ही जबाबदारी शासनाची आहे. वयाऐवजी पायरीनुसार गट करण्याची कल्पना बाहेरून आलेली नाही. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘प्रथम’च्या ‘बालसखी’ उपक्रमात मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना स्थानिक तरुणी रोज दोन तास वेगळे घेऊन शिकवत. मुंबई आणि बडोद्यात त्याची काटेकोर चाचणी झाली, गुणांत स्पष्ट वाढ दिसली आणि पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे त्या अभ्यासाचे सहलेखक होते. जे प्राथमिकच्या मुलांसाठी आपल्याच महानगरात सिद्ध झाले, ते उच्च प्राथमिकच्या उंबरठ्यावर येऊन का थांबावे?

आणखी एक आक्षेप शिक्षकांचा: आधीच चाचण्या, ॲप आणि ऑनलाइन माहिती यांत जीव मेटाकुटीला आला आहे, त्यात ही नवी भर कशाला? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो आणि म्हणूनच ही भर नसावी, बदल असावा असे म्हणतो. पायरी ओळखण्याची चाचणी छोटी असते. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या मजकुरापैकी मूल कुठवर अस्खलित वाचते आणि संख्याज्ञान, वजाबाकी, भागाकार, अपूर्णांक यांत कुठवर पोहोचते, हे एकेका मुलाला समोर बसवून काही मिनिटांत कळते. त्यासाठी छापील प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, त्यांची गुप्तता आणि त्यांची वाहतूक लागत नाही. आजच्या पायाभूत चाचणीची जागा ही तोंडी चाचणी घेऊ शकते. संकलित एक आणि दोन यांपैकी एक रद्द करता येईल. कोणी म्हणेल, सहावी-सातवीच्या मुलाला दुसरीची गोष्ट वाचायला लावणे म्हणजे शिक्षणाच्या अपेक्षाच खाली आणणे झाले. वाचता येते हे तपासले म्हणून अपेक्षा खाली येत नाहीत. ज्याला ती गोष्ट सहज वाचता येते त्याला पुढचा कठीण उतारा द्यावा आणि चाचणीला वरची मर्यादा नसावी. अपेक्षा खरोखर खाली येते ती चाळीसपैकी पंधरा मुलांना शिकवून वर्ग संपला असे मानण्यात. शाळेच्या दारावर शिष्यवृत्तीधारकांची नावे झळकतात आणि ती झळकावीतही. पण ती ऐच्छिक परीक्षा निवडक मुलांची आहे आणि त्या फलकावरून बाकीच्या वर्गाबद्दल काहीही कळत नाही.

शेवटचा आक्षेप शाळेबाहेरचा. गरिबी, ऊसतोडीचे आणि वीटभट्टीचे स्थलांतर, घरी शिकलेले कोणी नसणे, शिकवणीची ऐपत नसणे, यांचा निकालावर परिणाम होतो, त्याला शाळा काय करणार? परिणाम होतो हे निर्विवाद आहे आणि म्हणूनच दोन शाळांची टक्केवारी शेजारी ठेवून तुलना करणे अन्यायाचे आहे. तिथे शाळेपेक्षा पालकांचे उत्पन्नच जास्त मोजले जाते. मूल जूनमध्ये कोणत्या पायरीवर होते आणि मार्चमध्ये कोणत्या पायरीवर पोहोचले, हे मोजले तर ही अडचण बरीच कमी होते, कारण मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले आणि चार-पाच महिन्यांनी परतलेले मूल वर्गाच्या सरासरीत शाळेला ओझे वाटते, पायऱ्यांच्या हिशेबात मात्र त्याचीही चढण मोजली जाते आणि त्याला शिकवणाऱ्याच्या श्रमाची नोंद होते.

तेव्हा शासनाने करायच्या गोष्टी मोजक्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींना नवा कायदाही लागत नाही. सहावीत येणाऱ्या प्रत्येक मुलाची पायरी पहिल्या महिन्यात तोंडी चाचणीने ओळखावी आणि ती नोंद मागच्या शाळेकडून नव्या शाळेकडे जावी. उच्च प्राथमिकच्या वेळापत्रकात पायरीनुसार गटांचा रोजचा एक तास अधिकृत करावा, म्हणजे केंद्रप्रमुखाला भीत भीत तो घ्यावा लागणार नाही. बी.एड. झालेल्या शिक्षकांना वाचन आणि अंकगणित पायापासून शिकवण्याचे प्रशिक्षण द्यावे. राज्याचा हिशेब स्वतंत्र नमुना पाहणीने घ्यावा आणि तो जाहीर करावा. शाळा व्यवस्थापन समितीसमोर टक्केवारीऐवजी दोनच गोष्टी मांडल्या जाव्यात: वर्षाच्या सुरुवातीला किती मुले कोणत्या पायरीवर होती आणि शेवटी त्यांतली किती वर गेली. हा हिशेब अक्षरओळख असलेल्या कोणत्याही पालकाला कळतो, त्याबद्दल मुख्याध्यापकांना प्रश्न विचारता येतो आणि मुख्याध्यापकांनाही शासनाकडे शिक्षक मागताना तो पुढे करता येतो. आठवीच्या भागाकाराचा आकडा दशकभर ४४ च्या आसपास घुटमळत राहिला, कारण तो वाढवण्याचे काम कोणाच्याच नावावर लिहिलेले नव्हते. चौथीच्या शिक्षकाला वाटले पुढे येईल, आठवीच्या शिक्षकाला वाटले मागे यायला हवे होते. पायरी नोंदवली की ते काम सहावीच्या शाळेच्या नावावर, वेळापत्रकातल्या एका ठरलेल्या तासाला आणि एका ठरलेल्या शिक्षकाच्या हाती येते. ज्या चाचणीतून एवढे घडत नाही, ती घेतली काय आणि न घेतली काय, त्या मुलाला सारखेच.